दोन किलोचा डीजे

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे इथे भाजीबाजार नव्हे. भाऊबीजेपासून गावोगावी भरणारी ती जत्रा असते. दिवसा दंडार आणि खडी गंमत, रात्री झाडीपट्टीचं नाटक, लेकीबाळी माहेरी आलेल्या आणि घरोघरी पाहुणे. अशाच एका मंडईत लाखनीकडचा, आमच्या नात्यातला एक मुलगा मला गाठून म्हणाला, “काकाजी, मशीन घेऊ का जी?” आणि त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळा चपटा डबा, त्यावर दोन गोल तबकड्या, मधे सरकत्या पट्ट्या आणि चमचमणारी बटणं. हा डीजे कंट्रोलर. धानाचे पैसे हातात आले होते, थोडं कर्ज काढायची तयारी होती, आणि घरात आईचा विरोध होता.

मी स्वतः बरीच वर्षं लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा केला, म्हणून त्यानं मला विचारलं. तेव्हा मी त्याला धड उत्तर दिलं नाही. नंतर मात्र त्या डब्यासोबत बरेच दिवस घालवले. त्यातून जे कळलं ते आज सांगणार आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे ‘डीजे आला’ म्हटलं की डोळ्यांपुढे गाडी येते. गाडीवर बेसच्या पेट्यांची भिंत, वर टॉप, मागे जनरेटर. मूळ शब्द मात्र डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या वाजवणारा माणूस. आपण माणसाचं नाव पेट्यांना देऊन टाकलं. तो मुलगा जे विकत घेऊ पाहत होता, त्यातून मोठा आवाज निघतच नाही. गाणी लॅपटॉपमध्ये असतात, त्यांचा ताल मोजण्याचं काम सॉफ्टवेअर करतं, कंट्रोलर म्हणजे त्या सॉफ्टवेअरचे हात, आणि आवाज बाहेर काढणारं साउंड कार्ड तेवढं या डब्यात. पुढे अ‍ॅम्प्लिफायर आणि पेट्या कोणत्या, किती, हा वेगळा प्रश्न.

आमच्या काळी लग्नात कर्णा झाडाला बांधायचा आणि कॅसेट लावायची. वरात दारात आली की नेमकं गाणं लागलं पाहिजे, म्हणून कॅसेट पेन्सिलीनं फिरवून आधीच जागेवर आणून ठेवायची. दोन डेक असले तर एकावर गाणं चालू आणि दुसऱ्यावर पुढचं तयार. आज हेच काम ‘क्यू’ नावाचं बटण करतं. लोकांना एक गाणं ऐकू येत असतं आणि वाजवणारा हेडफोनवर पुढचं गाणं ऐकून त्याची जागा पक्की करतो. म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाही, पेन्सील तेवढी गेली.

मोठ्या शहरांतल्या डीजेंचं जग पूर्वी याहून वेगळं होतं. टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ मध्ये आला आणि त्याची १९७९ ची सुधारित आवृत्ती जगभर रूढ झाली. त्या एकेका टर्नटेबलचं वजन साडेबारा किलोच्या आसपास. असे दोन, मधे मिक्सर, शिवाय तबकड्यांच्या पेट्या. पुढे २००१ मध्ये पायोनियरनं सीडीवर तबकडीसारखा हात फिरवता येईल असा प्लेअर काढला. आजही मोठ्या क्लबांत त्याचेच वारसदार असतात आणि एकेकाची किंमत दोन लाखांच्या वर जाते. याउलट २०१८ मध्ये आलेला पायोनियरचा सुरुवातीचा कंट्रोलर दोन किलो शंभर ग्रॅमचा. अशा वस्तू तीस हजारांच्या आसपास मिळतात, लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतात, काही मोबाइललाही जोडता येतात. लाखांदूरच्या मुलानं हे पाठीवरच्या पिशवीत टाकून मोटारसायकलवरून साकोलीला जावं, इतकं ते सुटसुटीत.

मला याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो तो शिकण्याचा. पूर्वी ही कला शिकायची तर नागपूर-मुंबई गाठावी लागे, कुणाच्या तरी हाताखाली राबून त्याच्या यंत्राला हात लावायची परवानगी मिळवावी लागे. आता रात्री बाराला घरच्या पडवीत, कानाला हेडफोन लावून, शेजाऱ्याची झोप न मोडता सराव करता येतो. मुलींनाही. गाडीवर चढून रात्रभर पेट्यांमागे उभं राहणं आपल्याकडे मुलीला कुणी करू देणार नाही, पण घरात बसून शिकायला कुणाची आडकाठी नाही.

आता दुसरी बाजू. हे यंत्र ताल कसा ओळखतं, ते पाहण्यासारखं आहे. सॉफ्टवेअर गाणं आधी तपासतं, मिनिटाला ठोके किती ते मोजतं आणि साऱ्या गाण्यावर सारख्या अंतराच्या रेघांची जाळी टाकतं. मग ‘सिंक’ दाबलं की दुसऱ्या गाण्याची जाळी पहिल्यावर बसते. संगणकावर बनलेल्या गाण्यांना हे चपखल बसतं, कारण त्यांचा ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत हलत नाही. पण माणसानं वाजवलेल्या ढोलकीचं तसं नसतं. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते, गाणारी थांबली की तो थांबतो. जुन्या लावण्या, भजनं, दंडारीची गाणी यांवर ती जाळी दुसऱ्या कडव्यात सरकलेली असते. कधी यंत्र दुप्पट वेग मोजतं, कधी निम्मा. मी हौसेनं दंडारीचं एक ध्वनिमुद्रण त्यात घातलं, तर दीड मिनिटात दोन गाण्यांची अशी काही मारामारी झाली की बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, “काय पडलं?”

यावर उपाय आहेत. जाळी हातानं दुरुस्त करता येते, किंवा सिंक बंद ठेवून कानानं जुळवता येतं. पण त्याला कान हवा आणि वेळ हवा. बहुतेक जण सोपा रस्ता धरतात. एक तर जुन्या गाण्याखाली यंत्राचा ठोका भरतात, नाही तर जाळीत बसणारीच गाणी वाजवतात. आपल्या वरातींत गाणी कोणतीही लागली तरी खालचा धडधडाट सारखाच का वाटतो, याचं निम्मं उत्तर या जाळीत आहे.

आणखी एक अडचण बिनतारी जोडणीची. ब्लूटूथवर आवाज सर्वसाधारणपणे एक ते दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो. नुसतं गाणं ऐकायला त्यानं काही बिघडत नाही. पण मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, त्यात दोन दशांश सेकंद म्हणजे ताल गेलाच. त्यामुळे दुकानदारानं ब्लूटूथचा कितीही बडेजाव सांगितला तरी मिक्सिंगला वायरच लागते.

मग हवा आणि वीज. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लग्नं त्याच दिवसांत. पत्र्याच्या मांडवाखाली लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी मंद होतो, मग बंद. नवरदेव दारात आणि डबा मुका. हिवाळ्यात मंडईच्या रात्री दव पडतं, नोव्हेंबरात मळणीची धूळ असते, ती सरकत्या पट्ट्यांत शिरते आणि पट्टी हलवली की खरखर येते. जनरेटरची अर्थिंग नीट नसली तर लॅपटॉपच्या चार्जरमधून गुंईऽ असा आवाज पेट्यांत उतरतो. कॅसेटचा डेक यातलं बरंचसं सोसत असे. नव्या वस्तूला ओला-सुका मोसम सोसत नाही, म्हणून जाड कापडाचं झाकण, लॅपटॉपखाली हवा खेळायला जागा, छोटा यूपीएस आणि गाण्यांची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर, एवढा खर्च किमतीत धरायलाच हवा.

पेट्या जळण्याची गोष्टही इथेच सांगतो, कारण यात पोरांचे पैसे फार जातात. कंट्रोलरवर आवाजाची पातळी दाखवणारे दिवे असतात, खाली हिरवे, मग नारिंगी, वर लाल. गर्दी ‘वाढव, वाढव’ ओरडते आणि पोरगा लाल दिवे लावून ठेवतो. डिजिटल आवाजाला वरची मर्यादा ठाम असते. तिच्यापुढे लाटेचा माथा कापला जातो, सपाट होतो. कापलेल्या लाटेत तीक्ष्ण स्वरांची ऊर्जा वाढते आणि ती जाते थेट टॉपमध्ये. मग डायफ्रॅम जळतो, आणि दोष दिला जातो पेटीला. आवाज वाढवायचा तो अ‍ॅम्प्लिफायरवर, तोही पेटीला झेपेल इतकाच. कंट्रोलर हिरव्यात ठेवायचा, हे शिकायला काही पैसे लागत नाहीत.

आता गोंगाट. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांतली मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकारनं सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सवलत दिली तर ती बारापर्यंत. आता हिशेब करू. पेटीपासून एका मीटरवर ११० डेसिबल धरा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल कमी होतात. दोन मीटरवर १०४, चार मीटरवर ९८. आपल्या गावगल्लीत पेटीपासून ओटा चार मीटरवरच असतो. कारखान्यातल्या कामगारांसाठी अमेरिकेतल्या आरोग्य संस्थेनं आखलेली शिस्त अशी की ८५ डेसिबलला आठ तास चालतील, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. त्या मापानं ९८ ला अर्धा तासही नाही. ओट्यावर बसलेली आजी तिथेच दोन तास असते, आणि गाडीवरचा पोरगा तर पेटीला टेकून.

यात आपला दोन किलोचा डबा निर्दोष आहे असं तो मुलगा मला म्हणाला. ते बरोबर आहे, पण पुरतं नाही. डबा स्वस्त झाला म्हणून वाजवणारे वाढले, वाजवणारे वाढले म्हणून चढाओढ लागली आणि ती चढाओढ पेट्यांवर उतरली. मात्र हाच डबा उलटा उपयोगीही पडू शकतो. एका भिंतीऐवजी मांडवाच्या चार कोपऱ्यांत चार लहान पेट्या ठेवल्या तर प्रत्येकाला गाणं स्पष्ट ऐकू येतं आणि शेजारच्या गल्लीत खिडक्या हादरत नाहीत. मांडवातल्या मांडवात कार्यक्रम करणाऱ्याला गाडी, जनरेटर, हमाल काहीच लागत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. पोलिसांची परवानगी लागतेच. गाण्यांच्या हक्काबाबत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे. हॉटेलातल्या तिकिटाच्या कार्यक्रमाला ती नाही. हा फरक ठाऊक असावा.

खरी बोच मला वेगळीच आहे. नागपूर-भंडाऱ्याकडे धुमाल पार्टी असते. ढोल, ताशे, कीबोर्ड, ऑक्टापॅड घेऊन दहा-बारा माणसं वाजवतात. वरातीतला कोण थकला, कोण नव्यानं नाचायला आला हे पाहून लय बदलतात. या प्रत्येक माणसामागे एक घर असतं. शेतीचं काम संपलं की हाच त्यांचा मोसम. डबेवाला एकटा येतो किंवा एक पोरगा सोबत आणतो. यजमानाचे पैसे वाचतात, पण ते दहा-बारा घरांतून वाचलेले असतात. बैलांच्या शंकरपटांवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा पटाच्या निमित्तानं होणाऱ्या नाटकांनाही झळ बसली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा मान्य केला आणि पट पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. कायद्यानं बंद पडलेली गोष्ट कायद्यानं परत सुरू होते. सोयीमुळे बंद पडलेली कशी सुरू करायची?

वस्तूच्या आयुष्याचंही सांगतो. २००८ च्या सुमारास स्वीडनमधल्या एका कंपनीनं ‘पेसमेकर’ नावाचं हातात मावणारं डीजे यंत्र काढलं होतं. आत १२० जीबीची डिस्क, खिशात अख्खा डीजे. खूप कौतुक झालं. काही वर्षांत ते यंत्र बंद झालं आणि नाव फक्त एका अ‍ॅपला उरलं. गाणी इंटरनेटवरून घेणाऱ्यांचं तर आणखी बेभरवशाचं. स्पॉटिफायनं २०२० मध्ये डीजे अ‍ॅपना गाणी देणं थांबवलं, २०२५ मध्ये काही सॉफ्टवेअरना पुन्हा सुरू केलं. मधली पाच वर्षं त्यावर विसंबलेल्यांनी काय करायचं होतं? त्यात आपल्या खेड्यांत मांडवाच्या गर्दीत रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही. गाणी आपल्याच डिस्कवर, पैसे देऊन घेतलेली, चांगल्या प्रतीची असावीत. फुकट उतरवलेलं पातळ एमपी३ मोबाइलवर खपतं, मोठ्या पेटीवर त्याची झांज पत्र्यासारखी वाजते.

हे सगळं मी त्या मुलाला टप्प्याटप्प्यानं सांगितलं. त्यानं कर्ज काढलं नाही. नागपूरहून वापरलेला कंट्रोलर आणला. जुन्या लॅपटॉपवर चालतो आहे. पेट्या घेतल्या नाहीत, लागतील तशा भाड्यानं आणतो. पहिली खरेदी मात्र चांगल्या हेडफोनची आणि यूपीएसची केली, यावर त्याची आई अजून कुरकुर करते, कारण त्या दोन्ही वस्तू वाजत नाहीत. या मोसमात त्याच्याकडे सहा तारखा आहेत. त्यांतल्या दोन ठिकाणी धुमालही आहे. वरात दारापर्यंत धुमाल आणणार, आणि आत जेवणावळीच्या वेळी हा, हळू आवाजात. धुमालच्या ढोलवाल्यानं त्याला परवा विचारलं म्हणे, “तुझ्या डब्यात माझा ढोल भरता येईल का रे?” मुलानं मला फोन केला. मी म्हटलं, भर, पण त्याला विचारून, त्याच्या नावानं, आणि त्याचे पैसे आधी ठरवून. पुढच्या रविवारी दोघं माझ्याकडे येणार आहेत. ढोल घेऊन.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)