नखाला लागणारा ओरखडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कवीनं रेडिओवर यावं आणि मोटारीच्या पॉलिशवर बोलावं, हे ऐकून तुमच्यापैकी काहींचा हात बटणाकडे गेला असेल. जरा थांबा. माझं पहिलं लेखन कागदावर नव्हे, मोटारीच्या पत्र्यावर झालं, आणि त्याचं संपादन झालं गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. तीच गोष्ट सांगायला आलो आहे.

साल १९८१. मी सहावीत होतो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. राहायला नळबाजारात, एका खोलीत सात माणसं. अब्बा टॅक्सी चालवायचे. टॅक्सी मालकाची. दिवसा अब्बा, रात्री दुसरा ड्रायव्हर. काळं अंग आणि पिवळं टप असलेली प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली होती, पण आम्ही सगळे तिला फियाटच म्हणायचो.

त्या आठवड्यात आमच्या मराठीच्या बाईंनी माझ्या चार ओळी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवल्या होत्या. डोक्यात हवा गेली होती. त्यात नवी कंपासपेटी मिळालेली. दुपारी अब्बा जेवायला घरी आले तेव्हा मी खाली उतरलो आणि कर्कटकाच्या टोकानं टॅक्सीच्या मागच्या दारावर माझं नाव कोरलं. मग धीर वाढला. नावाखाली जोर लावून दोन अक्षरं कोरली, ‘कवी’.

अब्बा खाली आले. बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मारलं नाही. एवढंच म्हणाले, “गाडी आपली नाय. ठाव हाय ना तुला?” मला ठाऊक होतं. आधीच्या ड्रायव्हरला मालकानं एका पोचेपायी काढलं होतं, हेही ठाऊक होतं. संध्याकाळी सहाला गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची होती. तेव्हा वाजले होते दोन.

अब्बांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी थेट गिरगावात आणली. खोताच्या वाडीत मोटार शिरत नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं, एवढीच गल्ली. पाठारे प्रभू ज्ञातीतल्या खोतांनी ही जमीन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकली आणि त्यातून ही वाडी वसली. लाकडी जिने, कौलारू छपरं, पुढे पडवी. एके काळी पासष्ट घरं होती म्हणतात. आज ती निम्म्यावरही राहिलेली नाहीत. या लाकडाच्या राज्यात एक म्हातारे पॉलिशवाले राहायचे. पोरं त्यांना ‘पॉलिश अंकल’ म्हणायची, अब्बा ‘मेस्त्री’ म्हणायचे. कपाटं, पलंग, पियानो यांना चपड्याचं फ्रेंच पॉलिश करणं हा त्यांचा धंदा. ओळखीच्या टॅक्सीवाल्यांचं कामही ते अधूनमधून करून द्यायचे.

ते थैली घेऊन रस्त्यावर आले. चष्मा कपाळावर सरकवला, दाराशी उकिडवे बसले आणि अंगठ्याचं नख माझ्या नावावरून हळूच फिरवलं. मग खालच्या दोन अक्षरांवरून फिरवलं. तिथं नख अडकलं. अब्बांकडे बघून म्हणाले, “नाव जाईल. कवी नाय जायचा.”

अब्बांना हसू आलं नाही. मला रडू आलं. पण अंकल विनोद करत नव्हते. ते त्यांच्या धंद्याचा नियम सांगत होते, आणि तो नियम आजही बदललेला नाही.

तो असा. ओरखडा म्हणजे रंगात पडलेली चर. चर पुसता येत नाही. आपण फक्त तिच्या आजूबाजूचा रंग घासून चरीच्या तळापर्यंत खाली आणतो. सगळं सपाट झालं की ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे ओरखडा आपण काढतच नाही, भोवतालचा चांगला रंग काढतो. नख जिथून सरळ निघून जातं, तिथं हे परवडतं. नख अडकलं, तर ती चर फार खोल आहे असं समजायचं. तिच्या तळापर्यंत घासत गेलात तर रंगाखालचा पत्रा उघडा पडतो, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याला गंज चढायला वेळ लागत नाही.

अंकल मला म्हणाले, “लाकडाला पॉलिश चढवतात, गाडीचं उतरवतात. किती उतरवायचं ते ज्याला कळतं तो कारागीर.”

मग त्यांनी मला कामाला लावलं. आधी बादलीभर पाणी ओतून दार धुऊन घेतलं, कारण धुळीचा एक कण फडक्याखाली राहिला तरी तो नवा ओरखडा पाडतो. मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा दोन बोटांवर गुंडाळून दिला आणि त्यावर चिमूटभर रबिंग कंपाउंड. “गोल फिरवू नको. सरळ ने, सरळ आण. वीतभर जागा धर, ती झाली की पुढची.” थोड्या वेळानं मी फडकं उलटून बघितलं तर ते काळंकुट्ट. मी घाबरलो. अंकल म्हणाले, “तो रंगच हाय गाडीचा. बघ, किती जातोय ते.” माझ्या नावाची किंमत त्या फडक्यावर दिसत होती.

त्या काळच्या गाड्यांचा रंग एकजिनसी असायचा, म्हणून फडकं काळं व्हायचं. गॅरेजवाले अजून ज्याला ‘ड्युको’ म्हणतात, ते नाव मुळात ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीनं १९२०च्या दशकात आणलेल्या लवकर सुकणाऱ्या रंगाचं. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लाखेसारखा एक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे पुष्कळांच्या केसापेक्षाही कमी. तुमच्या गाडीची सारी चमक या एवढ्याशा थरात असते. आता घासताना फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला, तर समजा की वरचा थर संपला.

उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. गाडी धुणाऱ्यानं गोल हात फिरवल्यामुळे ती पडतात, असं पुष्कळांना वाटतं. घरचं स्टीलचं ताट दिव्याखाली धरून बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळं दिसतील, आणि ताट हलवलं की वर्तुळंही सरकतील. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांनी पडलेले असतात. प्रकाशाच्या वाटेत आडवे येणारे तेवढेच चमकतात आणि डोळ्यांना वर्तुळ भासतं. ते पडतात मात्र धुण्यातूनच. एका बादलीत दहा गाड्या आणि एकच फडकं, असा हिशेब असला की दहाव्या गाडीवर पहिल्या नऊ गाड्यांची रेती फिरते. यात त्या पोराचा दोष नाही. त्याला दुसरी बादली कुणी दिलेली नसते.

पाच वाजता माझं नाव गेलं. अंकलनी बाजूनं, तिरक्या उन्हात बघून खात्री केली. ‘कवी’ला त्यांनी घासू दिलं नाही. बारीक वॉटरपेपर पाण्यात बुडवून चरीच्या कडा तेवढ्या मऊ केल्या, काडेपेटीच्या काडीनं थेंब थेंब काळा रंग भरला आणि म्हणाले, “आता गंज येणार नाय. दिसणार मात्र.” पैसे घेतले नाहीत. अब्बांनी पुढे केव्हातरी त्यांना कुटुंबासह माउंट मेरीच्या जत्रेला फुकट नेलं, एवढं आठवतं.

ती जागा मेण फासून त्या दिवसापुरती झाकता आली असती. तेलकट पॉलिशनं चर भरते, गाडी आरशासारखी दिसते आणि दोन-चार धुण्यांत सगळं पुन्हा वर येतं. रात्रीच्या ड्रायव्हरनं तेच सुचवलं होतं. अब्बांनी ऐकलं नाही. सहा वाजता मालकाला स्वतः दार दाखवलं आणि म्हणाले, “माझ्या पोरानं केलंय.” नोकरी राहिली. पुढचे सहा महिने दर आठवड्याला पाच रुपये कापले गेले, हे मला अम्मीनं सांगितलं, पण माझी बी. ए. झाल्यावर. अब्बा कधी बोलले नाहीत. ते ती टॅक्सी आणखी सात वर्षं चालवत होते. दुपारच्या उन्हात, एका ठरावीक कोनातून, दारावर ‘कवी’ दिसायचा.

तारदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. अब्बा तेव्हा नव्हते.

माझ्याकडे आता एक जुनी, दुसऱ्या हातानं घेतलेली काळी गाडी आहे. गिरगावात मेट्रोच्या खोदकामाची वर्षं तिनं धुळीत काढली. मागे एका दुकानात मी ती मशीननं पॉलिश करायला दिली. माणूस घाईत होता. बॉनेटच्या कडेवर, जिथं थर सगळ्यांत पातळ असतो, तिथं मशीन जरा जास्त थांबलं आणि तळहाताएवढी जागा कायमची निस्तेज झाली. तेव्हापासून हातानंच करतो. हाताला वेळ लागतो, पण हात तापण्याआधी दमतो, हा त्याचा मोठा गुण.

डाव्या दारावर एक खोल ओरखडा आहे, आधीच्या मालकाच्या वेळचा. तो कुणी, कसा पाडला, मला माहीत नाही. नख अडकतं. त्यात रंग भरून ठेवला आहे. घासायला गेलो नाही. कवितेची जुनी वही काढून बसतो तेव्हाही असंच होतं. एक ओळ खटकते, तिच्यासाठी आजूबाजूच्या चार ओळी घासायला लागतो, आणि मग अंकलचं नख आठवतं.

तर श्रोतेहो, आज रविवार. गाडी धुणार असाल तर बादल्या दोन घ्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. आधी नुसतं पाणी ओतून धूळ जाऊ द्या. गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. आणि पॉलिशची डबी उघडण्याआधी ओरखड्यावरून एकदा नख फिरवून बघा.