दम कोंडतो तेव्हा श्वास सोडावा



ताप आला किंवा पाय मुरगळला तर आपल्या गावात शेजारीपाजारी धावून येतात. मनाच्या दुखण्याबद्दल मात्र अजूनही कुजबूज चालते. भयाचा झटका हे असेच एक दुखणे आहे. त्याचा उगम भीतीत असला तरी त्रास सारा शरीरात जाणवतो आणि पाहणारे गोंधळून जातात.

दहावीच्या परीक्षेचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. प्रश्नपत्रिका हाती पडते आणि एका मुलीची छाती एकाएकी धडधडू लागते. ती भराभर श्वास घेऊ लागते. ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, डोके गरगरते, हाताची बोटे आखडतात. ‘मला श्वास मिळत नाही, मी मरणार,’ असे ती रडत सांगते. कोणी पाणी शिंपडतो, कोणी कांदा नाकाशी धरतो. ‘मोठा श्वास घे, आणखी मोठा,’ असे चारही बाजूंनी सांगितले जाते. संध्याकाळी वाड्यावर देवचाराची चर्चा सुरू होते आणि घाड्याकडे जाण्याचा बेत ठरतो. साऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु त्या मुलीला ज्याची गरज असते, नेमके त्याच्या उलट घडते.

झटक्यामागील शास्त्र

विश्रांती घेत असलेला निरोगी प्रौढ मनुष्य मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. उच्छ्वासावाटे कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हा वायू निव्वळ टाकाऊ आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः त्याचे ठरावीक प्रमाण रक्तात असावेच लागते. भीतीने श्वास जलद झाला की तो गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्तातील आम्लतेचा समतोल ढळतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून गरगरते. रक्तातील मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण घटल्याने मज्जातंतू उत्तेजित होतात. म्हणून मुंग्या येतात व बोटे आखडतात. ही लक्षणे पाहून भीती वाढते आणि भीतीने श्वास आणखी जलद होतो. असे हे चक्र फिरत राहते.

म्हणजे रोग्याला हवा अपुरी वाटत असते, पण प्रत्यक्षात श्वसन गरजेहून अधिक झालेले असते. कोविडच्या साथीत अनेक घरांत बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर आले. अशा झटक्यात त्यावरील प्राणवायूचा आकडा बहुधा ९५ च्या वरच राहतो. तेव्हा आणखी हवा आत ओढण्यापेक्षा श्वासाची गती उतरवणे हाच खरा उपाय होय.

काय करावे

प्रथम रोग्याला बसवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि बघ्यांची गर्दी हटवावी. एकाच व्यक्तीने शांत आवाजात बोलावे. ‘बाय, हे थोड्या वेळात ओसरेल. मी इथेच आहे. माझ्याबरोबर हळूहळू श्वास सोड,’ एवढे शब्द पुरेत. ‘घाबरू नकोस’ असे दरडावल्याने कोणाचीही भीती गेलेली नाही.

नंतर नाकाने, तोंड मिटून, चार अंक मोजेपर्यंत सावकाश श्वास घेऊ द्यावा. गरम पेजेवर फुंकर घालताना ओठ करतो तसे ओठ करून सहा अंक मोजेपर्यंत तो सोडू द्यावा. छाती फुगवू नये. हात पोटावर ठेवल्यास पोट हलताना जाणवावे. या रीतीने मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. आरंभी एवढे जमत नसेल तर दोन अंक घेणे व तीन अंक सोडणे पुरे. मदत करणाऱ्याने स्वतः तसाच श्वास घेऊन दाखवावा. रोगी त्याच्या लयीत आपोआप येऊ लागतो. भयाचा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो.

काय करू नये

तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा उपाय एके काळी सर्रास सांगितला जाई. दमा किंवा हृदयविकार असलेल्या रोग्याच्या बाबतीत त्याने प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतो. असे मृत्यू घडल्याची नोंद १९८९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात झाली. हा उपाय टाळावा. झटक्याच्या वेळी भस्रिका, कपालभाती यांसारख्या जलद श्वासाच्या क्रियाही करू नयेत.

डॉक्टर केव्हा बोलवावा

धाप लागली म्हणजे ती भीतीचीच, असे घरच्या घरी ठरवू नये. झटका प्रथमच आला असेल, छातीतील कळ हातात, पाठीत वा जबड्यात जात असेल, घरघर ऐकू येत असेल, ओठ निळे पडले असतील, शुद्ध हरपली असेल, ताप असेल, किंवा रोगी मधुमेही, गरोदर अथवा उतारवयाचा असेल, तर विलंब न लावता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. ऑक्सिमीटरचा चांगला आकडा पाहूनही थांबू नये. हृदयविकारातही तो चांगला असू शकतो.

झटका ओसरल्यावर

झटका पुन्हा येईल या धास्तीने मुले शाळा टाळतात, माणसे बसचा प्रवास व बाजार सोडतात. खरे नुकसान येथे होते. वास्तविक हे दुखणे बरे होण्याजोगे आहे. समुपदेशनाने व गरज पडल्यास औषधांनी बहुसंख्य रोग्यांना आराम पडतो. त्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. पुढील उपचारांची सोय बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असतो.

हा दुबळ्या मनाचा रोग आहे, असे मानण्याचेही कारण नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांमध्ये छातीची अशीच धडधड व धाप डॉ. डा कोस्टा यांनी पाहिली आणि १८७१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. रणांगण पाहिलेल्या शिपायाला जे होऊ शकते, ते परीक्षेला बसलेल्या मुलीला झाले तर तिची लाज कोणी का धरावी?

शिक्षकांनी ही चार-सहा अंकांची रीत शाळेच्या प्रार्थनेनंतर दोन मिनिटे करून घ्यावी. पंचायतीने व कार्यालयांनी १०८ आणि १४४१६ हे दोन क्रमांक फलकावर ठळक लिहावेत. शांतपणी केलेला सराव संकटात कामी येतो. शेजारी बसून हळू श्वास सोडणारे एक माणूस त्या घटकेला रोग्याचा मोठा आधार ठरते. तो आधार होणे प्रत्येकाला साधण्यासारखे आहे.