हळद भाजीतली आणि हळद डबीतली

(हिंगणघाट येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

हिंगणघाटात हळदीवर बोलायला उभं राहणं म्हणजे जरा धाडसच. शेजारच्या समुद्रपूर तालुक्यात हळद्या वायगाव आहे. २०१६ साली तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. साध्या हळदीत शेकडा तीनच्या आसपास असणारं कुर्कुमिन हे पिवळं द्रव्य वायगावच्या हळदीत सहाच्या वर जातं. बेणं कसं निवडायचं, हळद कधी काढायची, किती शिजवायची, हे तुमच्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून मी शेतातल्या हळदीवर बोलणार नाही. औषधाच्या दुकानात आणि मोबाईलवर जी विकली जाते, त्या कॅप्सूलवर बोलणार आहे.

अशी एक डबी मी सोबत आणली आहे. नावावर चिकटपट्टी लावली आहे, कारण भांडण कुठल्या एका कंपनीशी नाही. मागची बारीक अक्षरं वाचतो. हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात कुर्कुमिनॉइड ९५ टक्के. काळ्या मिरीचा अर्क ५ मिलिग्रॅम. दिवसाला दोन.

आता हिशेब करू. आपल्या घरी वरण, भाजी, फोडणी मिळून माणशी दिवसाला फार तर दोन-अडीच ग्रॅम हळद पोटात जाते. तीन टक्क्यांनी धरलं तर कुर्कुमिन साठ-पंचाहत्तर मिलिग्रॅम. वायगावची असेल तर त्याच्या दुप्पट. या एका कॅप्सूलमध्ये ते आहे ४७५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण सोळा ग्रॅम साध्या हळदीतलं. चहाचे पाच चमचे हळद एका घोटात, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढीच! अन्नात रंगासाठी घालायच्या कुर्कुमिनची मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या वजनाच्या दर किलोला रोज ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्यासाठीची, त्यामुळे ती ओलांडली की लगेच विषबाधा होते असं नव्हे. पण आजी-पणजीपासून हळद खातो, आम्हाला काय होणार, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. आजीने सोळा ग्रॅम कधी खाल्ली नव्हती.

फायदा होतो का, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. गुडघेदुखीत थोडा होतो. थायलंडमध्ये २०१४ साली ३६७ रुग्णांवर चार आठवड्यांची चाचणी झाली. हळदीच्या अर्काने आयब्युप्रोफेनइतकाच आराम पडला आणि पोटदुखीच्या तक्रारी कमी आल्या. त्याच देशात २०२३ साली अपचनाच्या रुग्णांत कुर्कुमिन ओमेप्राझोलच्या जोडीला उतरलं. या चाचण्या लहान आहेत, थोड्या दिवसांच्या आहेत, पण टाकाऊ नाहीत. मात्र कॅन्सर, विस्मरण, मधुमेह, हृदयविकार अशी जी लांबलचक यादी मोबाईलवर फिरते, तिच्यामागे बहुतेक काचेच्या नळीतले आणि उंदरांवरचे प्रयोग आहेत. अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली माणसांवरच्या एकशेवीसहून जास्त चाचण्यांचा धांडोळा घेतला आणि कुर्कुमिनला औषध म्हणून यश मिळालेलं दिसत नाही, असं स्पष्ट लिहिलं. या क्षेत्रातल्या एका नामवंत संशोधकाचे दोन डझनांहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले, हेही सांगून ठेवतो.

इथे कोणीतरी म्हणेल, अहो, डॉ. माशेलकरांनी हळदीची लढाई जिंकली ना अमेरिकेत? जिंकली. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. माशेलकरांच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण त्या निकालाने सिद्ध झालं ते एवढंच, की हा वापर नवा नाही. हळदीने अमुक रोग बरा होतो, असा निकाल पेटंट कचेरीने दिलेला नाही. डब्यांच्या जाहिराती मात्र तो तसा वाचतात.

आता मिरीकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. कुर्कुमिन आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. जे थोडं जातं ते यकृत चटकन बांधून बाहेर टाकतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की सोबत मिरीतलं पायपरीन दिलं तर माणसाच्या रक्तातलं कुर्कुमिन वीसपट वाढतं. कंपन्यांनी ते उचललं. पण पायपरीन हे करतं कसं? आतड्यात आणि यकृतात बाहेरच्या द्रव्यांची विल्हेवाट लावणारी जी यंत्रणा आहे, तिलाच ते रोखून धरतं. मग त्याच वाटेने जाणारी दुसरी औषधंही रक्तात रेंगाळतात. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल, दम्यावरचं थिओफिलीन. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरीन घेणाऱ्याला तर हळदीचा अर्कसुद्धा जपूनच.

आणि यकृत. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ साली हळदीच्या गोळ्यांचे दहा रुग्ण मांडले. पाच जणांना भरती करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एकच आनुवंशिक खूण सापडली. म्हणजे हजारो लोक गोळी पचवतात आणि एखाद्याला ती बाधते. तो एखादा कोण, हे आधी कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाकडे २०२३च्या जूनपर्यंत अठरा तक्रारी आल्या होत्या, त्यातही एक मृत्यू. इटलीने अशा डब्यांवर इशारा छापायला लावला. आपल्याकडे गुळवेलीचं उदाहरण ताजं आहे. कोरोनाच्या काळात काढे पिऊन यकृत सुजलेल्या सहा रुग्णांची हकीकत मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मानली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असेल असं म्हटलं. ते खरं धरलं तरी प्रश्न उरतोच: पुडीत कोणती वेल आहे हे पिणाऱ्याने कसं ओळखायचं?

गंमत बघा. आपल्याकडे कावीळ झाली की घरातली हळद आधी बंद करतात. पिवळ्याने पिवळं वाढतं म्हणून. त्याला वैद्यकात काही आधार नाही, काविळीच्या माणसाच्या वरणात खुशाल हळद घाला. आणि जी हळद खरोखर कावीळ करू शकते, ती डबी मात्र उशाशी राहते.

रुग्णांना मी विचारतो, कोणती औषधं चालू आहेत? पिशवीतून बीपीची निघते, शुगरची निघते. ही डबी निघत नाही. एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "ते औषध कुठं आहे जी, हळदच तं आहे." त्यांची चूक नाही. अशा बहुतेक डब्यांवर औषधाचा परवाना नसतोच, एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असतो, म्हणजे कायद्याने ते खाद्य. औषधासारखी चाचणी करून ते बाजारात आलेलं नाही.

तेव्हा घ्यायचीच असेल तर डबी डॉक्टरांना दाखवून घ्या. पित्ताशयात खडे असतील, अंगात लोह कमी असेल, मुतखडा वारंवार होत असेल, दिवस गेले असतील, तर नको. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद. भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी झाली, तर त्याच दिवशी गोळी थांबवा आणि यकृताची रक्ततपासणी करा.

स्वयंपाकातल्या हळदीला यातलं काहीच लागू नाही, भेसळ सोडून. रंग उठून दिसावा म्हणून हळदीला लेड क्रोमेट लावतात. त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. बांगलादेशात ते फार बोकाळलं होतं, सरकारने २०१९ साली धाडी घातल्या, दंड केले आणि दोन वर्षांत ते बाजारातून जवळजवळ नाहीसं झालं. तुम्हाला तर एवढं लांब जायला नको. वायगावच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची हळकुंडं घ्या, फार चकचकीत पॉलिश केलेली नकोत, आणि चक्कीवर समोर उभं राहून दळून आणा.