वयाचा हिशेब ठेवणारे संशोधन

सातारा आणि सांगलीहून आलेल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापक मित्रहो,

आज मला एकाच शास्त्रज्ञ बाईंविषयी बोलायचे आहे, डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७चा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत आणि कमलताईही तिथेच शिकल्या. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनेच साताऱ्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय उभे केले. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे आणि बाईंचे शिक्षणाचे घराणे एकच.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९मध्ये त्यांची पीएच.डी. झाली. नंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकायला गेल्या. याच प्रयोगशाळेत १९५१मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या आणि त्या आजही वाढत आहेत. त्या स्त्रीची संमती कुणी घेतली नव्हती, हेही आपण वर्गात सांगितलेच पाहिजे.

निरोगी पेशीला असे अखंड वाढणे जमत नाही. १९६१मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवले, की माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोके झिजतात. बहुतेक कर्करोगी पेशी टेलोमरेज हे विकर वापरून ती झीज भरून काढतात. म्हणजे पेशीचे थकणे आपले रक्षणही करते. पण थकलेल्या पेशी साचल्या की भोवती दाह वाढतो, जनुकांतले बिघाड वर्षानुवर्षे जमत राहतात आणि कर्करोग बहुधा उतारवयातच गाठतो. वार्धक्य आणि कर्करोग हे दोन विषय वेगळे शिकवणे मला म्हणूनच पटत नाही.

परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात बाईंनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांच्या स्तनातील गाठींचा अभ्यास केला. अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू यांचा तिथे काय संबंध, हा त्यांचा प्रश्न होता. १९३६मध्ये बिटनरने दाखवले होते, की कर्करोगप्रवण वाणाची पिल्ले दुसऱ्या वाणाच्या आईच्या दुधावर वाढवली तर गाठी कमी होतात. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी उतरत होते. पण असे काही सिद्ध करायचे तर आधी शुद्ध वाण हवा, आणि तो भावंडांच्या किमान वीस पिढ्यांच्या मिलनातून तयार होतो. पुढे गाठ दिसते ती उंदराच्या मध्यम वयात. तोवर रोजचे पिंजरे, रोजच्या नोंदी. या कामाला घाई चालत नाही आणि त्याचे कौतुकही फार होत नाही. बाईंचे मोठेपण मला इथे दिसते; १९८२च्या पद्मभूषणात त्याहून कमी.

कुष्ठरोगाच्या जिवाणूवर त्यांनी काम केले, १९७३मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापली. आणि अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेतल्या. सूक्ष्मदर्शकाखालची आणि वाडीवरची नोंद त्यांना सारख्याच मोलाची होती.

तशी नोंद आपल्याकडेही हवी. आपल्या कृष्णाकाठी बायका आजही तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करतात. सकाळी दात घासायला घेतलेली मशेरी दिवसभर तोंडात राहते. किती वयात सुरू झाली, किती वर्षे चालली, कर्करोगाची पूर्वखूण असू शकणारा पांढरा चट्टा तोंडात केव्हा दिसला, याची नोंद रुग्ण मिरजेच्या रुग्णालयात पोहोचण्याआधी व्हायला हवी. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीने १९८७पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालवून दाखवली. तिथे कार्यकर्ते रुग्णाची वाट पाहत बसले नाहीत, गावोगाव गेले.

या संमेलनासमोर माझा प्रस्ताव आहे. साताऱ्या-सांगलीतल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने एक गाव घ्यावे, संमती घेऊन, नावे गुप्त ठेवून तिथल्या तंबाखूच्या सवयींची वयानुसार वही ठेवावी, चट्टा दिसला तर त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पोहोचवावे, आणि प्राध्यापक बदलले तरी ती वही बंद पडू देऊ नये. दुपारच्या सत्रात त्यावर मतदान घ्यावे, ही विनंती.