वेड पांघरून पेडगावला

(काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. या बाजारात बैल पाहणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून घेतो, खांदा चाचपतो, मारका आहे का हे विचारतो आणि मगच व्यवहाराला बसतो. मारका बैल कितीही देखणा असला तरी लेकराबाळांच्या घरी तो कोणी नेत नाही. एका जनावरासाठी एवढी पारख करणाऱ्या समाजात, क्षणार्धात माणसाचा प्राण घेणारे शस्त्र कोणाच्या हाती द्यायचे याची पारख कशी होते, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

या विषयाची चर्चा निघाली की बोट सहज अमेरिकेकडे जाते. ते अकारण नाही. नगर-पुण्याकडच्या कितीतरी घरांतील मुले-मुली आज त्या देशात आहेत. त्यांची नातवंडे ज्या शाळांत जातात, तेथे आगीच्या तालमीप्रमाणेच शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरला तर काय करावे याचीही तालीम होते. आजी-आजोबांच्या काळजाचा ठोका चुकावा अशीच ही गोष्ट आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथे सँडी हूक शाळेत वीस चिमुकली मुले आणि सहा कर्मचारी गोळ्यांना बळी पडले. सारा देश हळहळला. बंदूक विकण्यापूर्वी खरेदीदाराची पूर्वपीठिका तपासण्याची व्याप्ती वाढवावी, एवढीच माफक तरतूद चार महिन्यांनी सिनेटपुढे आली. जनमत मोठ्या प्रमाणावर तिच्या बाजूने होते. १७ एप्रिल २०१३ रोजी तिच्या बाजूने ५४ मते पडली, पण कामकाजाच्या नियमानुसार साठ मते हवी होती, म्हणून ती बारगळली. पुढे २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डे येथे एकोणीस विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा कोठे महिनाभरात एक मर्यादित कायदा झाला. त्याआधीच्या एकाच वर्षी, २०२१ मध्ये, त्या देशात बंदुकीने ४८ हजारांहून अधिक जीव घेतले होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.

अमेरिकेतील सामान्य नागरिक आपल्या राज्यकर्त्यांवर वैतागलेला आहे, तो यामुळे. घटना घडते, मेणबत्त्या लागतात, नेते सांत्वनाचे चार शब्द बोलतात आणि पुढच्या घटनेपर्यंत सारे शांत होते. त्या नेत्यांना निदान एक आडोसा आहे. १७९१ साली झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तेथील नेते राज्यघटनेकडे बोट दाखवून हात झटकू शकतात.

भारतातील राज्यकर्त्यांना असा कोणताही आडोसा नाही. या देशात शस्त्र बाळगणे हा मूलभूत अधिकार नाही. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा करून साऱ्या समाजाला निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट दिली. तो अपमान लोकमान्यांच्या पिढीला सलत होता. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५९ चा शस्त्र अधिनियम केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. हा कायदा शांतपणे वाचला तर त्यातील विवेक ध्यानात येतो. पिकाच्या रक्षणासाठी खरोखर गरज असलेल्या नागरिकाला ठासणीची बंदूक, आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी लांब नळीची साधी बंदूक, यांचा परवाना देण्यास त्याचे तेरावे कलम अनुकूल आहे. इतर शस्त्रांसाठी, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसाठी, अर्जदाराजवळ सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. चौदावे कलम आणखी पुढे जाते. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. मात्र सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांना बाधा येणार असेल, तर नाकारता येतो. सतराव्या कलमाने दिलेला परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकारही जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे ठेवला आहे.

थोडक्यात, गरिबी आड येऊ नये आणि गुंडगिरी आड यावी, हा कायद्याचा आशय आहे. व्यवहारात मात्र उलटी गंगा वाहताना दिसते. श्रीगोंदा, शिरूर, दौंड या ऊसपट्ट्यातील शेतकरी रात्रीच्या विजेवर पाणी धरायला बॅटरी आणि काठी घेऊन शिवारात उतरतो. रानडुकरे पीक लोळवतात आणि उसात बिबट्या दबा धरून बसलेला असतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसराने त्याचा किती भीषण अनुभव घेतला, हे येथे निराळे सांगायला नको. बिबट्याचा बंदोबस्त वनखात्यानेच केला पाहिजे. त्याच्यासाठी कोणी बंदूक मागावी, असा याचा अर्थ नाही. पण पिकाच्या राखणीसाठी कायद्याने ज्याचा विचार केला, त्या शेतकऱ्याला या कायद्याचे कलमही ठाऊक नसते. ज्याच्या पाठीमागे चार गाड्या आणि आठ पोरे फिरतात, त्याच्या कमरेला मात्र पिस्तूल लटकलेले असते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहावे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची अमानुष हत्या झाली. ती हत्या बंदुकीने झालेली नव्हती. परंतु त्या प्रकरणाने जिल्ह्यातील दहशतीवरचा पडदा दूर झाला, हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती लोकांसमोर आल्या आणि एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. नंतर प्रशासनाने छाननी हाती घेतली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ते रद्द झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण रद्द करण्याजोगे परवाने मुळात दिले कोणी, कोणाच्या शिफारशीने दिले आणि एका सरपंचाचा जीव जाईपर्यंत ते कोणाला दिसले कसे नाहीत, या प्रश्नांची उत्तरे मिळायची राहिली आहेत.

या दोषाला पक्षाची सीमा नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या प्रकरणी भारतीय जनता पक्षाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. जखमी झालेले महेश गायकवाड हे मित्रपक्ष शिवसेनेचे पदाधिकारी होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघातून आमदारांच्या पत्नीला उमेदवारी मिळाली आणि त्या निवडूनही आल्या. पत्नीवर कोणताही आरोप नव्हता आणि मतदारांचा कौल शिरोधार्य आहे. तरीही राष्ट्रवादी विचाराच्या कार्यकर्त्याने आपल्या मनाला विचारावे की, हेच दुसऱ्या पक्षात घडले असते तर त्याची प्रतिक्रिया काय झाली असती? उल्हासनगरच्या घटनेनंतर सहाच दिवसांनी दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. तेथे मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचे आणि परवाना परराज्यातील होता. नगरकरांनाही केडगाव आठवत असेल. एप्रिल २०१८ मध्ये महापालिकेच्या एका पोटनिवडणुकीपाठोपाठ तेथे दोन कार्यकर्त्यांचे प्राण गेले. एका प्रभागाची निवडणूक आणि दोन घरे उद्ध्वस्त!

अशा प्रत्येक घटनेनंतर राज्यकर्ते काय म्हणतात? ‘चौकशी सुरू आहे’, ‘कोणाचीही गय केली जाणार नाही’, ‘कायदा आपले काम करील’. जणू परवाने कसे मिळतात हे त्यांना ठाऊकच नाही! याच तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव आहे. १६७४ साली, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, मराठ्यांच्या एका तुकडीने हूल देऊन बहादूरखानाची फौज छावणीबाहेर खेचली आणि दुसऱ्या तुकडीने खजिना व घोडे लांबवले. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण त्याच प्रसंगाशी जोडली जाते. शिवरायांच्या मावळ्यांनी ते वेड शत्रूसाठी पांघरले होते. आजचे पुढारी ते आपल्याच प्रजेसमोर पांघरून बसले आहेत.

त्यांना सारे ठाऊक असते, याचा पुरावा प्रत्येक निवडणुकीत मिळतो. आचारसंहिता लागली की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती बसते. कोणत्या परवानाधारकावर गुन्हे आहेत, कोणी पूर्वी दंगलीत होता, कोण मतदारांना धाकात ठेवील याची यादी होते आणि त्यांची शस्त्रे जमा करून घेतली जातात. मतमोजणी झाली की तीच शस्त्रे त्याच माणसांना परत दिली जातात. निवडणुकीच्या काळात ज्याच्या हातातील बंदूक धोक्याची ठरते, तो उरलेली वर्षे सज्जन कसा ठरतो? मतदाराला जपले पाहिजे आणि नागरिकाला जपण्याचे कारण नाही, असा तर या व्यवस्थेचा समज नाही ना?

कायदा दुरुस्त करण्याच्या वेळीही हीच मनोवृत्ती डोकावली. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात एका व्यक्तीला जास्तीत जास्त एकच शस्त्र, असा मूळ प्रस्ताव होता. पूर्वीची मर्यादा तीनची होती. लोकप्रतिनिधींच्या आग्रहामुळे अखेर ती दोनवर स्थिरावली. दुरुस्तीत चांगल्या तरतुदीही आल्या. बेकायदा शस्त्रनिर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आली. आनंदोत्सवात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तरीही मध्य प्रदेशातील उमर्टीसारख्या गावांतून गावठी कट्टे महाराष्ट्रात येतच राहिले. हे कट्टे विकत घेणारी पोरे कोणाच्या मिरवणुकीत नाचतात आणि कोणाच्या फलकावर झळकतात, हे गावोगावी सर्वांना माहीत असते.

येथे हिंदू समाजाने थोडे आत्मपरीक्षणही करावे. विजयादशमीला आपण शस्त्रपूजन करतो. त्या दिवशी शस्त्र पाटावर असते, त्याला हळद-कुंकू लागते आणि पूजा झाली की ते जागच्या जागी जाते. शस्त्रापुढे हात जोडणे म्हणजे त्याच्या धाकाची जबाबदारी स्वीकारणे. तलवारीने केक कापून वाढदिवस साजरा करणाऱ्यांचा या परंपरेशी काहीही संबंध नाही. शस्त्र ही त्यांच्या लेखी मिरवण्याची वस्तू आहे आणि असे केक कापणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हेही दाखल झाले आहेत. ज्यांचे नाव या जिल्ह्याला लाभले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा आदर्श यापेक्षा फार वेगळा होता. वाटसरूंना लुटणाऱ्या भिल्लांना त्यांनी वठणीवर आणले, ‘भिलकवडी’ घेण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आणि त्याच वाटांच्या रक्षणाचे दायित्व त्यांच्यावर टाकले. हक्क आणि उत्तरदायित्व त्यांनी एकाच हाती दिले. आजचा परवाना हक्क देतो, उत्तरदायित्व मात्र कोणी विचारत नाही.

तेव्हा सामान्य माणसाने काय करावे? केवळ संताप पुरेसा नाही. अमेरिकेतील संतापाची गत सर्वांसमोर आहे. पहिली गोष्ट म्हणजे, जिल्ह्यात किती परवाने आहेत, त्यांपैकी किती पिकासाठी व किती स्वसंरक्षणासाठी आहेत आणि गुन्हे दाखल असलेल्यांचे किती आहेत, ही आकडेवारी माहितीच्या अधिकारात मागावी. व्यक्तींची नावे नकोत, संख्याच बोलकी ठरेल. दुसरे, निवडणुकीत ज्यांची शस्त्रे जमा होतात, त्यांचे परवाने निकालानंतर आपोआप पूर्ववत होऊ नयेत, सतराव्या कलमाखाली त्यांचा फेरविचार व्हावा, असा आग्रह जिल्हाधिकाऱ्यांकडे संघटितपणे धरावा. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, गुन्हे प्रलंबित असलेल्या व्यक्तीला उमेदवारी देताना पक्षाने त्याचे कारण ४८ तासांत प्रसिद्ध करावे. केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण न्यायालयाने अमान्य केले आहे. ही कारणे वाचावीत आणि पटली नाहीत तर प्रचाराला निघण्यापूर्वीच आपल्या पक्षाच्या बैठकीत उभे राहून तसे सांगावे.

विरोधी पक्षाच्या गुंडाकडे बोट दाखवणे सोपे असते. खरी कसोटी स्वपक्षातील पिस्तूलधाऱ्याला ‘थांब’ म्हणण्याची आहे. राज्यकर्ते वेड पांघरतात, कारण कार्यकर्ता ते पांघरूण ओढत नाही. ज्या दिवशी पाच-पन्नास गावांतील कार्यकर्ते ते ओढायला धजतील, त्या दिवशी परवान्याची फाईल सही होण्यापूर्वी दोनदा वाचली जाईल आणि मस्साजोगसारख्या आणखी एखाद्या घराची चूल कदाचित विझायची वाचेल.