ब्रह्महृदयाची दोन भावंडे



सुमारे ४३ वर्षांपूर्वी आम्ही दारव्हा तालुक्यातील एका शाळेत नुकतेच रुजू झालो होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, ताऱ्याला हात न लावता त्यात काय आहे हे कसे कळते?" आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, उत्तर ठाऊक नव्हते. "पुस्तकात आहे तेवढेच वाच," असे म्हणून आम्ही तिला खाली बसविले. पुढे तिने वर्गात कधी हात वर केला नाही. ते ऋण आज फेडू पाहतो.

माघ महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेस उंच दिसणारा पिवळसर तेजस्वी तारा म्हणजे ब्रह्महृदय. त्याचा प्रकाश लोलकातून उलगडला की रंगपटात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. त्यांचा तापमानाशी असलेला संबंध मेघनाद साहा यांनी १९२० साली उलगडला. तारा वेगाने फिरत असेल तर त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते आणि रेषा रुंदावतात. म्हणजे घटक व गती, दोन्ही त्याच रेषा सांगतात.

१८९९ साली रेषांवरूनच कळले की हे एकमेकांभोवती १०४ दिवसांत फिरणारे दोन तारे आहेत. दोघे एकाच वेळी जन्मलेले, प्रत्येकाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे अडीचपट. परंतु एक किंचित जड, म्हणून वयाने आधी पिकला. तो फुगला, गिरकी घेणारे मूल हात पसरताच मंदावते, तसा मंदावला. त्याच्या पोटातील ढवळण खोलवर गेली आणि रवीने ताक घुसळावे तसा वरचा लिथियम आत ओढला गेला. सुमारे २५ लक्ष अंश उष्णतेत लिथियम टिकत नाही. धाकट्याची मात्र एक गिरकी साडेआठ दिवसांची, आणि त्याच्या पृष्ठावर लिथियम थोरल्याच्या शंभरपटीच्या घरात! सूर्याहून कित्येक पट जड ताऱ्यांत तर वेगवान फिरणेच आतील नत्र वर आणू शकते.

ब्रह्महृदय आपल्यापासून सुमारे ४३ प्रकाशवर्षे दूर आहे. त्या मुलीने प्रश्न विचारला त्या सुमारास निघालेला प्रकाश आज येथे पोहोचत आहे. आमचे उत्तरही तितक्याच विलंबाने आले. ज्ञातीतील पालकांस व शिक्षकांस एवढीच विनंती, की उत्तर येत नसेल तर "ठाऊक नाही, शोधू या" असे म्हणावे. पण विचारणाऱ्या लेकरास खाली बसवू नये.