आई-वडिलांसाठी जुनी गाडी घेताना

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मालेत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, छतावरचं सोलर झालं. मला सचिवसाहेबांनी गाडीवर बोला म्हणून सांगितलं. मी काही मिस्त्री नाही. पण नोकरीची बरीचशी वर्षं वाहन विम्याच्या दाव्यांचे कागद बघण्यात गेली, आणि गेल्या वर्षी आमच्या आण्णांसाठी जुनी गाडी घेतली. त्यामुळे पार्किंगमध्ये भेटेल तो विचारतो, "कोणती घेतली? केवढ्याला पडली?" आज एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो.

आण्णा ७३ वर्षांचे. आई आणि ते येरमाळ्याच्या अलीकडं गावातच राहतात, इथं फ्लॅटमध्ये चार दिवसांच्या वर टिकत नाहीत. आईचे उपचार बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये झाले. आता तब्येत बरी आहे, पण तपासणीच्या तारखा ठरलेल्या. पहाटे उठून फाट्यापर्यंत चालायचं, एसटीची वाट बघायची, परत येताना स्टँडवर ताटकळायचं. खासगी गाडी सांगावी तर दरवेळी ड्रायव्हरच्या सवडीनं. धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, या वयात गाडी कशाला, आम्ही भाड्याचे पैसे पाठवतो. आण्णा म्हणाले, "पैशाचं नाही रे. दर बारीला कुणाच्या तरी दारात जाऊन 'येतोस का' म्हणायचं, हे नको वाटतं."

भावाची काळजीही खोटी नव्हती. म्हणून कोणती गाडी याच्या आधी आम्ही आण्णा चालवू शकतात का, हे पाहिलं. लोक इथंच घाई करतात. वयाच्या ५५ नंतर लायसन्स एकावेळी ५ वर्षांसाठीच मिळतं, आणि चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो. तो फॉर्म सही-शिक्क्यापुरता भरून आणू नका. आम्ही डोळे नीट तपासून घेतले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, दुसऱ्याचं करून घेतलं. समोरून येणाऱ्या लाइटचा त्रास होतो हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. मग ठरलं : दिवस मावळल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि बार्शी, कळंब, धाराशिव याच्या पलीकडं जायचं नाही. भाऊ तेवढ्यावर तयार झाला.

गाडी बघायला जाताना मी आईला बरोबर नेलं. एजंट हसले. पण तिचे गुडघे दुखतात. खाली बसावं लागणाऱ्या सेडानमध्ये ती बसली की उठताना दोघांनी हात द्यावा लागायचा. वॅगन-आरसारख्या उंच बांधणीच्या गाडीत ती खुर्चीवर बसल्यासारखी बसली आणि आपली आपण उतरली. निम्मा निर्णय तिथंच झाला. सीएनजीची गाडी मनात होती, पण टाकी डिकीतच बसते आणि आईचा वॉकर ठेवायला जागा राहत नाही. घेणारच असाल तर टाकीची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी झालीय का आणि सीएनजीची नोंद आरसीवर आहे का, हे बघा. डिझेलचा विचार केला नाही. महिन्याला तीन-चारशे किलोमीटर चालणाऱ्या घरात त्याचा उपयोग नाही. ऑटोमॅटिकबद्दल मतभेद होतील. क्लचचा पाय दुखत असेल तर जरूर घ्या. पण ज्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि जीप चालवली त्यांची सवय सत्तरीनंतर बदलू नये, असं माझं मत. घाबरल्यावर पाय जुन्या सवयीनंच पडतो.

गाडी किती सालची असावी? मी जुलै २०१९ नंतरची बघा म्हणतो. त्या महिन्यापासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाची सूचना सक्तीची झाली. एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. मान पूर्ण वळत नाही अशा माणसाला मागचा सेन्सर फार कामाचा. उलट टोकाला, १५ वर्षांच्या जवळ आलेली गाडी सव्वा लाखात मिळते म्हणून भुलू नका. पुनर्नोंदणीची फीच ५ हजार, शिवाय पर्यावरण कर, आणि पासिंगला उभी करण्याआधी गॅरेजवाला जे काढेल ते वेगळं. भाव करताना हेही डोक्यात ठेवा : २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाल्यावर जुनीचा भाव आधीचाच कसा राहील?

आम्ही तीन गाड्या बघितल्या. पहिली दिसायला चकाचक, किंमतही कमी. आमच्या मिस्त्रीनं सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. आतल्या भागावर मातीची रेघ. मग पायाखालचं मॅटिंग उचललं, कुबट वास. सीटच्या रुळांवर गंज. पुरातली गाडी. आपल्याकडं सप्टेंबर २०२५ ला परंडा-भूम भागात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात जातात, आणि दुसरीकडच्या आपल्याकडं येतात. इंजिन दुरुस्त होतं, वायरिंगचा त्रास मात्र वर्षानुवर्षं राहतो.

दुसरी गाडी खरोखर चांगली होती. पण मी आरसीचा तपशील परिवहनच्या पोर्टलवर काढला, तर कर्जाची नोंद तशीच. मालक म्हणाला, हप्ते कधीच फिटलेत. फिटले असतील! आपण सातबाऱ्यावर बोजा असताना जमीन घेतो का? बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवून आणा म्हटलं. तो महिनाभर आला नाही, आम्हीही थांबलो नाही.

तिसरी २०१९ च्या अखेरची पेट्रोल वॅगन-आर, एका निवृत्त शिक्षकांची, धाराशिवचीच एमएच-२५. मीटर ४६ हजार दाखवत होतं. मीटरवर मी कधी विश्वास ठेवत नाही, पण सर्व्हिसची बिलं ओळीनं होती आणि प्रत्येक बिलावर किलोमीटर. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबरही तेवढंच झिजलेलं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर मूळचेच निघाले, म्हणजे नक्षी चांगली दिसली तरी बदलायचे. ते पैसे किमतीतून वजा करून घेतले. गाडी सकाळी थंड इंजिनवर चालू करायला लावली. आधीच गरम करून ठेवलेली गाडी काहीच सांगत नाही. मिस्त्रीला हजार रुपये दिले. एवढ्या मोठ्या व्यवहारात लोक हे हजारच वाचवायला बघतात!

उमरग्याकडच्या पाहुण्यांना कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्त वाटतात. तिथली एनओसी आणि आपल्या राज्याचा रोड टॅक्स धरून हिशोब करा, मग स्वस्ताई उरते का बघा.

आता माझ्या विषयावर येतो. गाडी कुणाच्या नावावर घ्यायची? मुलगा पैसे देतो म्हणून मुलाच्या नावावर, अशी आपल्याकडं रीत. आम्ही आण्णांच्या नावावर घेतली. विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो नोंदणीकृत मालकाला, आणि तोही लायसन्स चालू असेल तरच. गाडी माझ्या नावावर आणि चालवणार आण्णा, तर त्या १५ लाखांचं संरक्षण आण्णांना नाही. याच कारणानं परत गेलेले दावे मी पाहिलेत, आणि समोर बसलेल्या घरच्यांना ते समजावून सांगणं सोपं नसतं.

गाडी विकणाऱ्यांनीही ऐका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद एजंटकडं दिले की आपण सुटलो, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे गाडी २००७ मध्येच विकली होती, पुढं ती हातोहात गेली, २००९ मध्ये अपघात झाला. नोंद जुन्याच मालकाच्या नावावर होती, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. तेव्हा नाव बदललेलं स्वतः पोर्टलवर बघेपर्यंत झोपू नका. घेणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, त्यामुळं थोडा फरक भरावा लागतो. थकलेले ई-चलान, एचएसआरपी नंबरप्लेट आणि दुसरी किल्ली हे पैसे देण्याआधी. फास्टॅग जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो, तो बंद करून नवा घ्या. नाहीतर तामलवाडीच्या टोलवर पैसे त्यांचे कापले जातील आणि फोन तुम्हाला येईल.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, तेही इथं देतो. एका सभासदांनी विचारलं, जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? गावात चार्जिंगची सोय घरचीच, आणि लोडशेडिंग तुम्हाला माहीत आहे. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी देतात. ती दुसऱ्या मालकाला लागू आहे का, हे कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका.

दुसरा प्रश्न एका ताईंचा : "म्हातारी माणसं गाडी जपून ठेवतात, उभी राहून बॅटरी उतरत नाही का?" उतरते. आठवड्यातून दोनदा तरी पाच-सात किलोमीटर फिरवावी लागते. आमच्याकडं ती अडचण आली नाही. आई दर मंगळवारी सकाळीच तयार होऊन बसते, येडेश्वरीला न्या म्हणून.